पुलावर गाडी थांबवायची नसते

आमच्या ह्यांच्यावर पोलिसांना चुकवून पळाल्याचा गुन्हा दाखल झालाय, हे ऐकून ज्याला हसू आवरलं असा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. पोटच्या मुलाला आवरलं नाही. सून तोंडावर हात ठेवून आत पळाली आणि मोरीचा नळ सोडून हसली, जसं काही मला नळाचा आणि हसण्याचा आवाज वेगळा कळत नाही. वरच्या मजल्यावरची शेजारीण, हिला आम्ही 'वरची'च म्हणतो, ती तर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "पुन्हा सांगा हो, नीट सुरुवातीपासून."

हसण्याचं कारण असं, की आमचे हे जन्मभर गाडी चालवण्याच्या परीक्षेचे साहेब होते. कुणाला परवाना द्यायचा आणि कुणाला घरी पाठवायचं, ते हे ठरवत. बहुतेकांना घरी पाठवत. पुढे दिवा हिरवा असला तरी 'आता पिवळा होईल' म्हणून ब्रेकवर पाय ठेवणारा हा माणूस. रस्त्यावर कुत्रं झोपलं असेल तर त्याला वळसा घालतानाही वळण्याचा दिवा दाखवणारा. पोटच्या मुलाला ह्यांनी इतक्यांदा नापास केलं, की शेवटी त्यानं गाडीचं नाव टाकलं आणि बसचा पास काढला. तो अजून बसनंच जातो, आणि महिन्यातून एकदा तरी जेवताना ते बोलून दाखवतो. ह्यांचं उत्तर ठरलेलं. "तू आरशात बघत नव्हतास."

तर असा माणूस पळाला. तोही मला शेजारी बसवून.

त्या दिवशी आम्ही निघालो होतो इस्पितळात. माझी दोन्ही मूत्रपिंडं मालकिणीला न विचारता संपावर गेलीत, त्यामुळे आठवड्यातून ठरलेल्या वारी मला यंत्राला जोडून घ्यावं लागतं. हाताला दोन सुया, रक्त एका नळीतून बाहेर, धुऊन दुसरीतून आत. धुणीभांडी जन्मभर केली, आता रक्तही धुवायला टाकावं लागतं. ही गोष्ट घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. लोकांनी 'अरेरे' म्हटलेलं मला सोसत नाही. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझी बहीण अंथरुणाला खिळलीय, तिच्याकडे जावं लागतं. बहीण चांगली धडधाकट आहे. जिने चढते, भांडते. आपण आजारी आहोत हे तिला ठाऊकही नाही. वरची मात्र दर वेळी जिन्यात अडवायची, "बहिणीचं कसं आहे?" आणि मी मान हलवून म्हणायचे, "आहे तसंच." त्यात खोटं काहीच नव्हतं.

आमच्या गाडीचा एक नियम आहे. गाडीत बोलायचं नाही. चालवणाऱ्याचं लक्ष जातं म्हणे. घरात मी बोलते आणि हे ऐकतात, गाडीत दोघंही गप्प, असा आमचा संसार वर्षानुवर्षं सुरळीत चाललेला. त्यामुळे पुलाच्या तोंडाशी डाव्या बाजूला हवालदार उभा दिसला, त्यानं थांबायची खूण केली, तेव्हाही मी बोलले नाही. गाडी कशी थांबवायची हे ह्यांना मी शिकवू? मला वाटलं, थांबवतील.

हे थांबले नाहीत. त्याच गोगलगायीच्या चालीनं पूल पार केला. मागून जीपचा भोंगा सुरू झाला. ह्यांनी आरशात बघितलं, 'कुणाला तरी घाई आहे' असा चेहरा केला आणि दिवा दाखवून गाडी सभ्यपणे कडेला घेतली. जीपही कडेला आली. जीपवाले पुढे जात नाहीत असं बघून ह्यांनी वेग अजून कमी केला. जीपनंही केला. एक सायकलवाला आम्हा दोघांनाही मागे टाकून गेला आणि वळूनवळून बघत राहिला. असा आमचा पाठलाग चालला होता. शेवटी जीप वैतागून आडवी घुसली, तेव्हा हे काच खाली करून म्हणाले, "तुम्ही दिवा न दाखवता वळलात."

इथेच सगळं बिघडलं असं माझं मत आहे.

हवालदार लालबुंद झाला होता. "पुलाशी थांबायला सांगितलं तर पळालात का?"

ह्यांनी आरसा नीट केला आणि म्हणाले, "पुलावर गाडी थांबवायची नसते. नियम आहे. मी पुढे योग्य जागा शोधत होतो."

"आणि काकू, तुम्ही कुठे निघालात?"

आता इथे खरं सांगायला काय झालं होतं? पण सवय. जीभ आपली आपणच चालली. "बहिणीकडे," मी म्हणाले. त्यानं ते लिहून घेतलं. ठाण्यातल्या बाकावर दुपारपर्यंत बसवलं. माझी यंत्राची पाळी हुकली, पाय सुजून चपलेत मावेनात, आणि मी आपली बसलेय ताठ, बहिणीकडे निघालेली बाई जशी बसेल तशी.

गुन्हा दाखल झाल्यावर आधी घरात सल्ल्यांचा पूर आला. वरचीचा नवरा सकाळी पेपर मागायला येतो तो सल्ला देऊनच जातो. तो म्हणाला, "छातीत दुखतंय म्हणून सांगा. छातीला कोर्ट घाबरतं." वरची म्हणाली, "त्यापेक्षा विसरायला होतं म्हणा. ह्या वयात कुणी शंका घेणार नाही." हे ऐकून आमचे हे उठून उभे राहिले आणि तिचा नवरा किती सालच्या पावसाळ्यात कुठल्या रंगाचा शर्ट घालून परीक्षेला आला होता आणि कुठल्या वळणावर दिवा द्यायचा विसरला होता, ते सांगून आत निघून गेले. दोघं खाली मान घालून जिना चढले. मला बरं वाटलं. पण वकील मिळायचाच होता.

गावात एक मोठे वकील आहेत. पाटी एवढी मोठी की दार शोधावं लागतं. त्यांनी ह्यांना बघितलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"ओळखलंत का साहेब?"

"चढावर," हे म्हणाले.

"हो. चढावर. तुम्ही मला नापास केलंत. गाडी मागे घसरली म्हणून."

"घसरली होती."

"नव्हती घसरली." वकिलांनी पेन खाली ठेवलं. "मी तुमचं प्रकरण घेतो. उत्तम लढवतो. फक्त एवढं म्हणा, की त्या दिवशी गाडी घसरली नव्हती. आई समोर उभी होती माझी, बघायला आली होती."

मी ह्यांच्या पायावर पाय दिला. चांगला टाचेनं दिला. तुरुंग होऊ शकतो असं हवालदार म्हणाला होता, आणि इथे एका वाक्यात काम होत होतं. ह्यांनी बराच वेळ छताकडे बघितलं, आठवल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "वीतभर घसरली होती."

आम्ही जिना उतरलो. मी रस्त्यात एक शब्द बोलले नाही. घरी येऊन बोलले. सून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली ती कपडे वाळेपर्यंत खाली आली नाही.

दुसऱ्या वकिलाचं कुलूप होतं. तिसऱ्यानं खिडकीतून ह्यांना बघितलं आणि आतून निरोप पाठवला की साहेब बाहेर गेलेत. निरोप त्यांच्याच आवाजात होता. तेव्हा मुलानं कुठूनसं शोधून काढलं की कोर्टाच्या मागच्या बाजूला फुकट वकील देणारं सरकारी कार्यालय आहे. फुकट म्हटल्यावर माझा मान दुखावला. पण मान दुखावून घेण्याची मला तोवर चांगली सवय झाली होती.

ते कार्यालय म्हणजे एक लांब खोली, त्यात एक खिडकी, खिडकीत एक कारकून, आणि कारकुनासमोर डबा. डबा संपेपर्यंत उभं राहिलो. मग त्यानं बोटं पुसली.

"आरोपी कोण?"

"हे."

"वय? उत्पन्न? पेन्शन आहे? मग बसत नाही. बाई आरोपी असती तर आजच्या आज वकील दिला असता. बायकांना उत्पन्नाची अट नाही."

"मग मला करा आरोपी," मी म्हणाले. "मीही गाडीत होते."

"तुम्ही चालवत होता का?"

"संसार मीच चालवते."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, आणि उठून आतल्या साहेबांना विचारायला गेला. बहुतेक त्याच्याही घरी कुणीतरी असावी. परत येऊन म्हणाला, ज्येष्ठ नागरिक म्हणून बसवता येईल, पण जन्माचा दाखला हवा. दाखला आणला तर म्हणाला, हयातीचा हवा. हे समोर उभे, तरी हयातीचा. तो आणला तर साहेब रजेवर. माझ्या यंत्राच्या वारांत आणि त्यांच्या रजेच्या वारांत मी अशी काही अडकले, की वरची म्हणाली, "बहिणीचं जास्त झालंय का हो? तुमचाच चेहरा उतरलाय."

शेवटी वकील मिळाली. कोवळी पोर. काळा कोट खांद्यावरून घसरत होता, मोठ्या भावाचा असावा. पायी आली होती, कारण तिला कुठलंच वाहन चालवता येत नव्हतं. मला ती तिथेच आवडली. ह्यांनी तिला नापास केलेलं असणं शक्य नव्हतं.

घरी येऊन, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून तिनं सगळं विचारलं. मग म्हणाली, "आजी, ह्यात सोपं काय आहे सांगू? त्यांनी खूण बघितली आणि तरी मुद्दाम थांबले नाहीत, हे पोलिसांना दाखवावं लागतं. बघितलीच नसेल तर गुन्हाच उरत नाही."

"मी बघितली," हे ताडकन म्हणाले. "मला दिसलं नाही असं कधी झालं नाही."

"बरं, मग दुसरी वाट. तुम्ही बघितली, पण पुलावर थांबणं धोक्याचं म्हणून पुढे जागा शोधत होता. तुमचं सगळं आयुष्य त्याला साक्षी आहे. परवाना शाबूत राहील. फक्त आजींनी कोर्टात सांगायचं, की गाडीत तुम्ही तसं म्हणाला होता. 'पुलावर नको, पुढे थांबवतो.' म्हणाला होता ना?"

"म्हणालो होतो," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं नाही.

हे म्हणाले नव्हते. गाडीत हे बोलतच नाहीत. पण नवऱ्यासाठी बाई एक वाक्य खोटं बोलली तर आभाळ कोसळत नाही, म्हणून मी मान हलवली. पोरगी लिहीत गेली. "हवालदार नक्की कुठे होता? कशी खूण केली?"

"पुलाच्या अलीकडे. हात वर केला त्यानं."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

हात कुठला? हवालदाराच्या हातात काठीला लावलेली लाल गोल पाटी होती, ताटाएवढी. शेजारी पट्ट्यापट्ट्यांचं पिंप ठेवलेलं. पाटी तो असा हलवत होता की पलीकडच्या काठावरच्या धोब्यानंही कपडे आपटायचे थांबवले. आमच्या गाडीच्या डाव्या आरशाला ती पाटी लागता लागता राहिली. माझ्या नाकासमोरून गेली. आणि ज्या माणसाला वरचीच्या नवऱ्याच्या शर्टाचा रंग अजून आठवतो, त्याला ती पाटी आठवत नव्हती.

त्या दिवसापासून मी ह्यांच्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं बघितलं नव्हतं असं नाही, पण नवऱ्याकडे बघणं आणि बघायला लागणं ह्यात फरक आहे. जेवताना ताटात डावीकडे वाढलेली भाजी तशीच राहायची. त्यावरून गेले कित्येक महिने मी सुनेशी भांडत होते, की तू मीठ जास्त घालतेस म्हणून ते खात नाहीत, आणि ती बिचारी मीठ कमी करत करत भाजी अळणी करून बसली होती. दाराच्या चौकटीला डावा खांदा लागायचा, मी म्हणायचे, जाडे झालात. एक दिवस मी मुद्दाम पाण्याचा पेला त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि म्हणाले, "पाणी घ्या." ह्यांनी टेबलभर बघितलं. मग म्हणाले, "कुठाय?"

पेला हातापासून वीतभर होता.

दुपारची वेळ. सून कामावर, मुलगा कामावर. मी समोर बसले.

"केव्हापासून दिसत नाही?"

"कोण म्हणतं दिसत नाही?"

"अहो, मी विचारतेय."

हे टेबलक्लॉथच्या फुलांवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "समोरचं स्वच्छ दिसतं. कडेनं अंधार येतोय. डावीकडून जास्त. गेल्या वर्षी डॉक्टरला दाखवलं. गेलेली कड परत येत नाही म्हणाला. थेंब दिलेत."

"आणि मला रोज शेजारी बसवून नेत होता. डावीकडे."

"हळू चालवतो ना."

हे ऐकून मला इतका राग आला की रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्त राग आला. "सांगा कोर्टात. दिसलं नाही म्हणून सांगा. सुटाल."

"सुटेन. आणि परवाना जाईल. कायमचा. मी, ज्यानं आख्ख्या गावाला आरशात बघत नाही म्हणून घरी पाठवलं, त्यानं उभं राहून सांगायचं मला दिसत नाही?" मग आवाज एकदम खाली आला. "पळपुटा म्हणू देत. दंड करू देत. पण मग यंत्राला तुला नेणार कोण?"

"बस आहे."

"बसमध्ये गाव भेटतं. वरचीचा नवरा त्याच बसनं जातो. तुला कुणाला कळायला नको आहे ना?"

म्हणजे हा माणूस माझ्या बहिणीच्या आजारपणासाठी आंधळेपणानं गाडी हाकत होता. मी उठले आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

तारखा पडत गेल्या. कोर्ट म्हणजे एक मोठा दिवाणखाना, ज्यात सगळे पाहुणे आहेत आणि यजमान यायचाय. दर तारखेला वरची आणि तिचा नवरा आमच्याबरोबर येत, चांगले कपडे घालून, पाण्याची बाटली घेऊन. "तुम्हाला आधार," असं ती म्हणायची. त्यांना दुसरं काही बघायला नव्हतं. कधी हवालदार आला नाही म्हणून तारीख, कधी न्यायाधीशांना बरं नाही म्हणून, एकदा पंखा पडला म्हणून. प्रत्येक वेळी हे स्वतः गाडी चालवत कोर्टात नेत आणि आणत, आणि मी डाव्या खिडकीला नाक लावून डोळे फाडून बसायचे. आता मी गाडीत बोलायला लागले होते. "सायकल आहे." "बाई आहे, मूल आहे." हे नियम मोडल्याबद्दल एकदाही बोलले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

एकदा मी बोलायच्या आत गाडीला काहीतरी घासलं. उतरून बघितलं तर हातगाडीचं टोक. हातगाडीवाला लांब उभा होता, म्हणून वाचला. तो शिव्या देत होता आणि हे हात जोडून उभे होते. आयुष्यात प्रथमच कुणापुढे हात जोडलेले बघितले.

माझी साक्ष आली तेव्हा न्यायाधीशांना सर्दी झालेली होती. रुमालातूनच बोलत होते. पोलिसांचे वकील उभे राहिले. त्यांना ह्यांनी दोनदा नापास केलेलं होतं, हे मला त्यांच्या कोटाच्या ताठपणावरूनच कळलं.

"बाई, तुमचे पती पोलिसांना चुकवून पळून जात होते, हे खरं ना?"

"साहेब," मी म्हणाले, "पळायची हिंमत असती तर ते केव्हाच माझ्यापासून पळाले असते."

सगळे हसले. न्यायाधीश हसता हसता शिंकले. हवालदारही हसला. आमची पोरगी वकील हसून पुढे झाली, तिला वाटलं आता झालंच. तिनं मऊ आवाजात विचारलं, "आजी, गाडीत आजोबा काही म्हणाले होते का? पुलाबद्दल?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पिंजऱ्यात ताठ उभे होते, माझ्या उजवीकडे. म्हणजे मी त्यांच्या डाव्या अंगाला होते. मी तिथे आहे हे बघायला त्यांना पूर्ण मान वळवावी लागली. वळवली. डोळ्यांनी 'बोल' म्हणाले. पाठ केलेलं एक वाक्य. मागच्या बाकावर वरची बाटलीचं झाकण उघडून बसली होती.

"काही म्हणाले नाहीत," मी म्हणाले. "त्यांना हवालदार दिसलाच नाही. त्याच्या हातात लाल पाटी होती, ती दिसली नाही. त्यांना डावीकडचं दिसत नाही. वर्ष झालं."

"अगं!" हे म्हणाले.

"गप्प बसा. इथे मी बोलतेय." मग न्यायाधीशांना म्हणाले, "आणि लिहून घेतलंय ते खोटं आहे. आम्ही बहिणीकडे जात नव्हतो. बहीण ठणठणीत आहे. मला मूत्रपिंडाचा आजार आहे, इस्पितळात यंत्रावर झोपावं लागतं. ते मला न्यायचे. लोकांना कळू नये म्हणून न्यायचे. मला नको होतं लोकांना कळायला. आता कळलं."

कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी रुमाल बाजूला ठेवला आणि ह्यांना विचारलं, "खरं आहे का?" हे म्हणाले, "साक्षीदार खोटं बोलत नाहीत." जणू दुसऱ्याच कुणाच्या परीक्षेचा निकाल सांगत होते.

डोळ्यांचा दाखला मागवला गेला आणि पुढच्या तारखेला हे सुटले. गुन्हा नाही. आमची पोरगी जिंकली, ती तिची पहिली जिंकलेली केस, पण पेढे वाटावेत असं तिलाही वाटलं नाही. परवाना जमा करायला हे स्वतः गेले, आपल्या जुन्या कार्यालयात. तिथल्या साहेबानं उठून खुर्ची दिली. हे बसले नाहीत. परवाना टेबलावर ठेवला, पावती मागितली, पावतीवर शिक्का नव्हता तो मारून घेतला.

माझी साक्ष झाली त्या दिवशी कोर्टातून परत येताना वरची माझ्याबरोबर जिना चढली. मी वाट बघत होते. तिच्याकडे सगळ्यावर उपाय असतो, केस गळण्यावर, सुनेवर, सरकारवर. आमच्या दाराशी ती थांबली, तोंड उघडलं, मिटलं, आणि काहीच न बोलता वर गेली. तिनं 'अरेरे' म्हटलं असतं तरी चाललं असतं असं मला वाटलं. पुढे दोनतीन दिवस वरून चालण्याचा आवाजसुद्धा जपून येत होता.

हे माझ्याशी बोलत नव्हते. मी वाढायचे, उजवीकडे वाढायचे, ते खायचे. यंत्राचा वार आला. मी पिशवी घेतली आणि जिना उतरले. हे मागून आले. बसथांब्यावर शेजारी उभे राहिले. बसमध्ये मी खिडकीशी बसले, हे माझ्या शेजारी, आणि सगळा वेळ त्यांचा उजवा पाय बसच्या जमिनीवर ब्रेक दाबत होता.

पूर्वी हे इस्पितळात कधी आत येत नसत. गाडीपाशी थांबत, गाडी कुणी ठोकेल म्हणून. आता ठोकायला गाडी नव्हती. परिचारिकेनं त्यांना स्टूल दिलं आणि माझ्या हाताला सुया लावल्या. यंत्र घुरघुरायला लागलं. हे नळ्यांकडे बघत राहिले. रक्त असं उघड्यावर फिरताना त्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

बऱ्याच वेळानं ते बोलले. किती दिवसांनी, ते मी मोजलं नाही.

"अगं, माझ्या डावीकडे काय आहे?"

त्यांच्या डावीकडे एक खाट होती. त्यावर एक मास्तरीण असायची. तिचाही वार माझाच. सुया टोचताना मोठ्यानं पाढे म्हणायची आणि सगळ्या खोलीला म्हणायला लावायची. मागच्या वेळी तिला धाप लागत होती.

"काही नाही," मी म्हणाले.

"नीट सांग."

मी मान वळवली. "खाट आहे. रिकामी आहे. चादर बदललीय. उशी उलटी ठेवलीय, नवीन माणसाला देतात तशी."

त्यांनी स्टूल उचललं, माझ्या खाटेला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आणलं, चाचपत, आणि सुया नसलेला माझा हात हातात घेऊन बसले. आता ती खाट त्यांच्या समोर होती. ते तिच्याकडे बघत होते.

"आणि पुढे?" ते म्हणाले. "दारापर्यंत सगळं सांग."

मी दारापर्यंत सगळं सांगितलं.